वारणेची रेघ

आमच्या इंजिनिअरिंगच्या बॅचचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. सातारा आणि सांगली, दोनच जिल्ह्यांतली पोरं. निम्मी हिंजवडी-खराडीत, काही बंगळुरूला, दोघं-तिघं जर्मनीत, आणि तासगावकडची चार जणं परत गावी जाऊन द्राक्षबागा बघतात. 7 ऑक्टोबर 2023 नंतर या ग्रुपवर पगारवाढ आणि आयपीएलच्या जोडीला गाझा आलं. आमच्याकडच्या बागायतदाराच्या मनात इस्रायल म्हणजे ठिबक. वाळवंटात बागा फुलवणारा देश. त्यामुळे सहानुभूती कुणाकडे हे आधीच ठरलेलं होतं. सुमारे बाराशे माणसं एका दिवसात मारली गेली, अडीचशेच्या आसपास पळवून नेली, तेव्हा ती सहानुभूती साहजिकही होती.

मग एका रात्री कुणीतरी शिवाजी महाराजांचा फोटो असलेलं पोस्टर टाकलं. 'एकदाच काय तो निकाल लावून टाका. मराठ्यांनी कधी तह केले होते का?' त्यावर भराभर अंगठे पडले. त्यातला एक माझा.

ग्रुपमध्ये मिरजेचा एक मित्र होता. त्याचं आडनाव सांगत नाही, कारण आडनाव कळलं की पुढचं सगळं तुम्ही आपोआप ठरवाल. ग्रुपच्या वरच्या पट्टीवर त्याचं नाव आणि 'टायपिंग' असं दिसत राहिलं. दोन मिनिटं, चार मिनिटं. आलं काहीच नाही. सकाळी तो ग्रुप सोडून गेला होता. का गेला, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

तो अंगठा मला परत घ्यायचा आहे, म्हणून हे लिहितोय. पोस्टरवरचा प्रश्न मी प्रश्न म्हणूनच घेतो. मराठ्यांनी कधी तह केले होते का?

केले होते की

जून 1665 मध्ये महाराजांनी पुरंदरचा तह करून 23 किल्ले मोगलांना दिले होते. पुढे ते परत जिंकले, म्हणून पोस्टरवाले हा तह पोटात घालतात. मला दुसऱ्याच तहाबद्दल बोलायचंय. तो टिकला, आणि टिकला म्हणूनच बहुतेक कुणाला आठवत नाही. तो आपल्याच दोन जिल्ह्यांत घडला. त्याची रेघ आजही नकाशावर आहे.

1707 साली औरंगजेब मेला आणि अठरा वर्षं मोगलांच्या कैदेत असलेले शाहू महाराज सुटून आले. गादीवर ताराबाईंचा मुलगा होता. ताराबाईंनी शाहूंचा हक्क मानला नाही. त्याच वर्षी भीमेकाठी खेडला मराठे मराठ्यांविरुद्ध लढले. शाहूंनी सातारा घेतलं, ताराबाईंनी पन्हाळ्याला दुसरी गादी मांडली. 1714 मध्ये तिथेही घरातलंच राजकारण झालं, ताराबाई आणि त्यांचा मुलगा कैदेत गेले आणि सवत राजसबाईंचा मुलगा संभाजी गादीवर बसला. सातारचे शाहू आणि कोल्हापूरचे संभाजी, दोघंही थोरल्या महाराजांचे नातू. सख्खे चुलतभाऊ. आपल्याकडे याला भाऊबंदकी म्हणतात, आणि भाऊबंदकीइतकं चिवट वैर दुसरं नाही हे गावात वाढलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

संभाजीराजे निजामाला जाऊन मिळाले. 1728 मध्ये बाजीरावांनी पालखेडला निजामाला कोंडलं आणि मुंगी-शेवगावचा तह करायला लावला, तरी भावांचं भांडण मिटलं नाही. 1730 मध्ये वारणेकाठी सातारच्या फौजेनं, म्हणजे मुख्यतः प्रतिनिधींनी, संभाजीराजांची छावणी लुटली. संभाजीराजे पन्हाळ्याकडे निसटले. ताराबाई आणि राजसबाई शाहूंच्या हाती लागल्या.

आता पोस्टरच्या हिशोबानं बघा. शत्रूची छावणी लुटली. त्याची आई तुमच्या ताब्यात आहे. वर्षानुवर्षं त्यानं छळलं, परक्याला जाऊन मिळाला. निकाल लावायचा तर हीच वेळ.

शाहूंनी निकाल लावला नाही. राजसबाईंना परत पाठवलं. कराडजवळ जखिणवाडीला दोघं भाऊ समारंभानं भेटले. 13 एप्रिल 1731 रोजी नऊ कलमांचा तह झाला. इतिहासात त्याला वारणेचा तह म्हणतात.

त्या कलमांत काय होतं

वारणा नदी ही हद्द ठरली. वारणा-कृष्णेच्या संगमापासून दक्षिणेकडे तुंगभद्रेपर्यंतचा मुलूख संभाजीराजांचा, उत्तरेचा शाहूंचा. आपल्या सांगलीकरांसाठी सांगायचं तर मिरज आणि तासगाव शाहूंच्या वाट्याला गेले, सोबत अथणी. रत्नागिरीच्या बदल्यात कोप्पळ संभाजीराजांना दिला. वडगावचं ठाणं पाडायचं ठरलं. एकाचा शत्रू तो दुसऱ्याचा शत्रू. एकाचा फितूर नोकर दुसऱ्यानं ठेवायचा नाही. तुंगभद्रेच्या पलीकडे रामेश्वरपर्यंत जे जिंकू ते निम्मं निम्मं.

ही यादी मी मुद्दाम दिली. तिच्यात 'बंधुभाव', 'सौहार्द', 'विश्वासाचं वातावरण' असलं काही नाही. कुठली नदी, कुठला किल्ला, कुठलं ठाणं, कुणाचा नोकर, एवढंच आहे. मी कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे मला ही भाषा कळते. दोन माणसांनी वाचली आणि दोघांना एकच अर्थ लागला, तरच ती अट.

शाहूंनी हे संतपणानं केलं असंही समजू नका. तहाच्या बारा दिवस आधी, 1 एप्रिल 1731 ला, गुजरातेत डभईला बाजीराव आणि सेनापती त्र्यंबकराव दाभाडे एकमेकांशी लढले. सेनापती तिथे मारले गेले. या सगळ्या भांडणांत निजाम कुठे ना कुठे होताच. घरातली फूट उघडी राहिली की बाहेरचा कुणीतरी तिच्यात हात घालतो, हे सातारला चांगलं समजलं होतं. दक्षिणेचं दार एकदाचं बंद करणं हा शाहूंचा स्वार्थ होता. पुढच्या सात-आठ वर्षांत मराठी फौजा दिल्लीच्या वेशीवर पोचल्या, तेव्हा त्यांच्या पाठीमागे वारणेवर आघाडी उघडी नव्हती.

या तहाच्या मर्यादाही सांगतो, कारण ग्रुपवरचे हुशार मित्र त्या काढणारच. हे दोन राजघराण्यांचं भांडण होतं, दोन समाजांचं नव्हे. देव एक, भाषा एक, आजोबा एक. लाखो निर्वासित नव्हते. नदीकाठच्या कुणब्याला कुणी विचारलं नाही. ताराबाई साताऱ्यातच नजरकैदेत राहिल्या. आणि वारणेकाठी पुढे रक्त सांडलंच नाही असंही नाही. शतकाच्या शेवटी कोल्हापूरकर आणि पटवर्धन एकमेकांवर तुटून पडले आणि 1799 मध्ये परशुरामभाऊ पटवर्धन कोल्हापूरकरांशी लढताना पडले.

हे सगळं खरं. पण सातारची गादी खरी की कोल्हापूरची, यावरचं युद्ध 1731 ला संपलं ते संपलं. कारण तहानं दोन गोष्टी त्याच दिवशी करून टाकल्या. रेघ आखली. आणि हरलेल्या बाजूला राजा म्हणून मान्य केलं. 'आधी नीट वागून दाखवा, मग बघू' असं कलम त्यात नव्हतं.

आमचा बांध

इथून जेरुसलेमला जाण्याआधी आमच्या शेतातून जाऊ.

माझे आजोबा आणि त्यांचे चुलतभाऊ यांनी वाटणी केली तेव्हा गावातली चार वडीलधारी माणसं बसली होती. कागद झाला. विहिरीचं पाणी आठवड्यात कुणी कुठल्या वारी घ्यायचं, आंब्याच्या झाडांचं काय, गोठा कुणाचा, सगळं लिहिलं. शेवटी बांधाचा विषय निघाला, आवाज चढले, तेव्हा कुणीतरी शहाण्यानं सुचवलं, "ते राहू दे आता. मोजणी आणून पुढं बघू." सगळ्यांना हायसं वाटलं. चहा झाला.

मोजणी आली नाही. दर नांगरटीला बांध वीतभर सरकला. कुणाच्या बाजूला, ते मी सांगणार नाही. मी एका बाजूचा आहे. एक वर्ष विहिरीची मोटर फोडली गेली. एक वर्ष उभ्या उसाला काडी लागली. आज दिवाणी दावा आहे, दोन्हीकडचे वकील आहेत, तारखा आहेत. माझ्या बहिणीच्या लग्नाला तात्यांच्या घरचं कुणी आलं नाही. कागद आजही दोन्ही घरांत जपून ठेवलेला आहे. त्यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे. फक्त ज्याच्यावरून भांडण होतं तेवढंच त्यात नाही.

13 सप्टेंबर 1993 ला व्हाइट हाउसच्या हिरवळीवर राबिन आणि अराफत यांनी हात मिळवले, मध्ये क्लिंटन उभे होते, तो फोटो तुम्ही पाहिला असेल. नॉर्वेच्या मध्यस्थीनं गुपचूप झालेल्या वाटाघाटींचा तो शेवट होता. त्याच्या चार दिवस आधी पॅलेस्टाइन मुक्ती संघटनेनं इस्रायलचा शांततेत जगण्याचा हक्क लेखी मान्य केला. बदल्यात इस्रायलनं काय मान्य केलं? ही संघटना पॅलेस्टिनींची प्रतिनिधी आहे, एवढंच. पॅलेस्टाइन नावाचं राज्य होईल असं त्या करारात कुठेही लिहिलेलं नव्हतं. जेरुसलेम, निर्वासित, वसाहती, सुरक्षा आणि सीमा हे विषय नंतर. पाच वर्षांच्या अंतरिम काळात बघू.

मोजणी आणून पुढं बघू.

1995 च्या दुसऱ्या करारानं वेस्ट बँकचे अ, ब, क असे तुकडे केले. सुमारे 60 टक्के जमीन 'क' मध्ये गेली, म्हणजे पूर्णपणे इस्रायलच्या ताब्यात. तीही तात्पुरतीच म्हणून. आज तीस वर्षं झाली, ते तात्पुरतं चालूच आहे. पूर्व जेरुसलेम सोडून वेस्ट बँकेत 1993 मध्ये इस्रायली वसाहतींत एक लाख दहा हजारांच्या आसपास माणसं होती, आज ती पाच लाखांच्या वर आहेत. बांध वीतभर सरकत नाही तिथे. डोंगरच्या डोंगर सरकतो.

रेघ नसली की दोन्हीकडच्या माथेफिरूंचं फावतं. फेब्रुवारी 1994 मध्ये एका इस्रायली वसाहतवाल्यानं हेब्रॉनच्या मशिदीत नमाज पढणारी 29 माणसं मारली. त्यानंतर हमासनं इस्रायली बसगाड्यांमध्ये आत्मघातकी बॉम्ब उडवायला सुरुवात केली. 4 नोव्हेंबर 1995 ला राबिन यांचा खून झाला, आणि खुनी एक इस्रायली ज्यू तरुण होता. तह जवळ आला की त्याला मारायला आपलेच लोक पुढे येतात.

हा आजार ऑस्लोच्याही आधीचा. 1967 च्या युद्धानंतर सुरक्षा परिषदेनं 242 क्रमांकाचा ठराव केला, त्यात व्यापलेल्या प्रदेशांतून माघार घ्या असं म्हटलं. इंग्रजी मसुद्यात 'प्रदेश' या शब्दाआधी 'द' नाही. फ्रेंच मसुद्यात मात्र तसं अव्यय आहे. त्यामुळे एक बाजू म्हणते सगळे प्रदेश, दुसरी म्हणते काही प्रदेश. मराठीत 'द' नाहीच, म्हणून आपल्याला हा वाद हास्यास्पद वाटेल. पण तो 'द' चुकून राहिला नव्हता. दोघांनाही मत देता यावं म्हणून मसुदा मुद्दाम संदिग्ध ठेवला होता. आमच्या धंद्यात असा स्पेक देऊन कुणी मीटिंग यशस्वी झाल्याचं जाहीर केलं, तर सहा महिन्यांनी रात्री दोन वाजता त्याची किंमत कुणीतरी ज्युनिअर मोजतो. इथे ती किंमत पोरं मोजतात.

2008 मध्ये तर इस्रायलचे पंतप्रधान ओल्मर्ट यांनी महमूद अब्बास यांना सीमेचा नकाशा दाखवला, पण हातात दिला नाही. अब्बास यांनी तो आठवून कागदावर रेखाटला. अब्बास यांनी होकार कळवला नाही, आणि ओल्मर्ट भ्रष्टाचाराच्या चौकशीत अडकून पायउतार होत होते. इतक्या वर्षांनी रेघ निघाली, ती एका कागदाच्या चिटोऱ्यावर राहिली.

सिनाईत जमलं ते

'त्या लोकांना तह झेपतच नाही' असं आमच्या ग्रुपवर दहा वेळा लिहून झालंय. मग इजिप्तचं काय?

इजिप्त आणि इस्रायल 1948, 1956, 1967 आणि 1973 अशी चार युद्धं लढले. भाऊ नव्हेत, एका धर्माचे नव्हेत. 26 मार्च 1979 ला तह झाला. सिनाईचा सगळा प्रदेश परत द्यायचा, टप्पे ठरलेले, कुठल्या पट्ट्यात किती फौज ठेवायची तेही ठरलेलं, देखरेखीला बाहेरचं दल. इस्रायलनं 1982 मध्ये सिनाईतली आपलीच यामित नावाची वसाहत आपल्याच सैनिकांकरवी रिकामी करून पाडली. त्याआधी ऑक्टोबर 1981 मध्ये तह करणारे सादात यांना त्यांच्याच सैन्यातल्या माणसांनी गोळ्या घातल्या. तह तरी टिकला. ताबा नावाच्या किनाऱ्यावरच्या छोट्याशा तुकड्यावरून वाद राहिला, तर लढाई न करता तो लवादाकडे दिला. लवादाचा निकाल इजिप्तच्या बाजूनं लागला आणि 1989 मध्ये इस्रायलनं तो तुकडा सोडला. लवाद म्हणजे आपल्या भाषेत मोजणीवाला. तो आला, साखळी टाकली, दोघांनी ऐकलं.

1979 पासून आजपर्यंत ते दोन देश एकमेकांशी लढलेले नाहीत. प्रेम अजिबात नाही. वारणेच्या तहातही नव्हतं.

सातारचा वकील लंडनमध्ये

इथवर वाचून कुणी म्हणेल, म्हणजे तह झाला की झालं. नाही. सातारनं दुसऱ्या प्रकारचा तहही पाहिलाय.

25 सप्टेंबर 1819 ला ईस्ट इंडिया कंपनीनं छत्रपती प्रतापसिंहांशी तह केला. कागदावर सातारचं राज्य उभं राहिलं. पण कलमांचा अर्थ काय हे ठरवणार कंपनी, तह मोडला का हे ठरवणार कंपनी, आणि शिक्षा देणारही कंपनी. जहागीरदारांवर हक्क कुणाचा, यावरून मुंबई सरकारशी खटके उडाले. मग प्रतापसिंहांवर कटाचे आरोप ठेवले गेले. 1839 मध्ये त्यांना गादीवरून काढून काशीला पाठवलं.

त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले. तिथे जवळजवळ चौदा वर्षं, 1853 पर्यंत, तळ ठोकून बसले. अर्ज केले, पत्रकं छापली, कंपनीच्या भागधारकांच्या सभांत प्रश्न उपस्थित करायला लावले, कागदपत्रं खोटी असल्याचं सांगत राहिले. काही इंग्रजांनी त्यांची बाजूही घेतली. तिकडे 1847 मध्ये प्रतापसिंह काशीला वारले. 1848 मध्ये त्यांचे भाऊही वारले आणि डलहौसीनं सातारा खालसा केलं. रंगो बापूजी ज्या राज्याची वकिली करत होते ते राज्यच नकाशावर उरलं नाही. हात हलवत परत आलेला हा सनदशीर माणूस 1857 च्या उठावाच्या तयारीत उतरला. त्यांच्या मुलाला साताऱ्यात फाशी झाली. ते स्वतः निसटले ते कायमचे.

पॅलेस्टिनी वकील संयुक्त राष्ट्रांत उभा राहतो तेव्हा मला रंगो बापूजी दिसतात. जुलै 2024 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानं हा ताबा बेकायदा असल्याचं मत दिलं. 12 सप्टेंबर 2025 ला आमसभेत दोन राष्ट्रांच्या तोडग्याच्या जाहीरनाम्याला 142 देशांनी मतं दिली, विरोधात 10. त्या 142 मध्ये भारतही होता. सुरक्षा परिषदेत मात्र गाझातल्या युद्धबंदीचे ठराव अमेरिकेनं सहा वेळा एकटीच्या नकाराधिकारानं पाडले. तीच अमेरिका इस्रायलला शस्त्रं देते आणि तीच मुख्य मध्यस्थ आहे. आमच्या गावात एका पक्षकाराच्या घरी जेवणाऱ्याला पंच म्हणून बसवत नाहीत.

ऑक्टोबर 2025 मध्ये युद्धबंदी झाली, आणि झाली ते चांगलंच झालं. तोवर गाझाच्या आरोग्य खात्याच्या मोजणीनुसार 60 हजारांहून जास्त माणसं मेली होती. एक दिवस आधी थांबलं असतं तरी चांगलंच होतं. पण 13 ऑक्टोबरला शर्म अल-शेखला जाहीरनाम्यावर सह्या झाल्या त्या अमेरिका, इजिप्त, कतार आणि तुर्कस्तान यांच्या. लढणाऱ्या दोघांपैकी एकाचीही नाही. नोव्हेंबरमध्ये सुरक्षा परिषदेनं केलेल्या ठरावात पॅलेस्टिनी राज्याचा उल्लेख आहे, पण सुधारणा झाल्या आणि पुनर्बांधणी पुढे सरकली तर कदाचित त्याच्या वाटेची परिस्थिती तयार होईल, अशा अर्थानं. 'कदाचित' हा शब्द वारणेच्या तहात शोधून सापडणार नाही. तो 1819 च्या जातीचा शब्द आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे. जगानं पॅलेस्टिनींपुढे तीस वर्षं 1731 चं नाव घेऊन 1819 ठेवलाय, आणि तो फसला की म्हणतात, बघा, यांना शांतता नकोच होती.

पण बोलायचं कुणाशी?

हा प्रश्न प्रामाणिक आहे. हमासनं 7 ऑक्टोबरला जे केलं ते कत्तल होती. घरात शिरून म्हाताऱ्यांना आणि पोरांना मारण्याला मी मुक्तीचा लढा म्हणणार नाही, आणि माझ्या डाव्या मित्रांनी ते म्हणणं सोडावं. त्या हल्ल्यानं पॅलेस्टिनी राज्य एक बोटही जवळ आलं नाही. गाझा मात्र ढिगारा झाला.

पण हमासशी बोलणं नको म्हणणाऱ्यांनी एक हिशोब बघावा. पळवून नेलेल्यांपैकी शंभराहून कितीतरी जास्त लोक जिवंत परत आले ते वाटाघाटींतून. लष्करानं धाड घालून जिवंत सोडवले आठ. जगातल्या सर्वांत सज्ज फौजांपैकी एक, दोन वर्षं, आठ. बाकीचे घरी आले कारण कतार आणि इजिप्तमधल्या खोल्यांत कुणीतरी नको त्या माणसाशी बोलत बसलं होतं. तह शत्रूशीच करतात. मित्राशी करायला तह लागत नाही, जेवणाचं आमंत्रण पुरतं.

आणि ज्यांनी बंदूक खाली ठेवली त्यांना काय मिळालं, हेही विचारा. इस्रायलला मान्यता देणाऱ्या रामल्लाच्या सरकारला मिळाल्या नव्या वसाहती. बंदूक चालवणाऱ्यांशी मात्र जग बोलायला बसलं. हा धडा जगानंच शिकवलाय. तो उलटा करायचा असेल तर बोलणाऱ्याच्या हातात रेघ द्यावी लागेल. 1967 ची सीमा, ठरवून केलेली थोडी अदलाबदल, दोन्ही बाजूंना लेखी मान्यता, आणि मोडणाऱ्याला शिक्षा देणारा तिसरा, जो कुणाच्याही घरी जेवत नाही. हे मी शोधलेलं नाही. 2002 मध्ये बैरूतला अरब देशांनी ठराव केला होता की 1967 चे प्रदेश सोडा, पॅलेस्टाइन होऊ द्या, आम्ही सगळे इस्रायलशी नेहमीचे संबंध ठेवू. तो आजही टेबलावर पडून आहे.

भारताबद्दलही एक. 1947 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पॅलेस्टाइन समितीत भारत होता. फाळणी नको, संघराज्य करा, असं भारतानं इराण आणि युगोस्लाव्हियासोबत वेगळं मत नोंदवलं. ते पटो न पटो, ते मत होतं. 1950 मध्ये आपण इस्रायलला मान्यता दिली, 1988 मध्ये पॅलेस्टाइनला, 1992 मध्ये इस्रायलशी पूर्ण संबंध जोडले. दोन्ही घरांत ऊठबस असणारे देश जगात फार नाहीत. इस्रायलमध्ये कोकणातून गेलेले, मराठी बोलणारे बेने इस्रायली आहेत. आणि तिथे गेल्यावर 'तुम्ही पुरते ज्यू आहात का' या प्रश्नाशी त्यांनाही 1964 पर्यंत झगडावं लागलं. मान्यता न मिळणं म्हणजे काय, हे सांगू शकणारी मराठी माणसं तिथेच राहतात. अशा देशानं फक्त निवेदनं काढावीत, हे मला कमी वाटतं.

अंगठा परत घेताना

परवा पुण्याहून कोल्हापूरला निघालो होतो. पेठ नाका गेला, कणेगाव गेलं, वारणेचा पूल आला. पुलाच्या अलीकडे सांगली जिल्हा, जो 1960 पर्यंत दक्षिण सातारा होता. पलीकडे कोल्हापूर. शाहू आणि संभाजी यांनी आखलेली हद्द इथे आजही हद्दच आहे. एसटी न थांबता निघून गेली. थांबावं लागतं ते पुढे किणीच्या टोलनाक्यावर. नीट आखलेली सीमा अशी असते. तिच्यावरून जाताना छातीत धडधडत नाही.

तिथून मी मिरजेच्या मित्राला मेसेज केला. त्या रात्री मीही अंगठा दिला होता, चुकलं, असं लिहिलं. उत्तराला दोन दिवस लागले. "माहीत होतं. लिस्ट बघितली होती मी," एवढंच आलं. त्यापुढे मी काय लिहावं हे अजून ठरलेलं नाही. अंगठा परत घेता येतो, बघितलेली लिस्ट परत घेता येत नाही.

ग्रुपवर ते पोस्टर पुन्हा फिरेल. कुणीतरी विचारेल, मराठ्यांनी कधी तह केले होते का? तेव्हा एवढंच लिहा: केले होते. जिंकत असताना केले होते. वारणेवर जाऊन बघ.